नाटकाच्या गाडीतून अधिवेशनाला

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मंगळवारी सकाळी मी सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाच्या व्यायामाच्या खोलीत गेले, तर आमच्या फिजिओबाई खिडकीशी उभ्या. एरवी या वेळेला त्यांच्या चटया अंथरून झालेल्या असत. आज चटया कोपऱ्यात गुंडाळलेल्याच होत्या आणि बाईंच्या हातात एक कागद होता. मी विचारलं, "काय झालं मॅडम?" तर त्यांनी तो कागदच माझ्या हातात दिला. पुढच्या आर्थिक वर्षापासून या केंद्रासाठी तरतूद नाही, रुग्णांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं. सगळा मजकूर चार ओळींचा.

"म्हणजे बंद?"

"मार्चअखेर. माझं कंत्राटही तेव्हाच संपतं," त्या म्हणाल्या आणि चटया अंथरायला लागल्या, कारण बाहेर माणसं येऊन बसली होती.

मी वडशात राहते आणि शिवणकाम करते. थंडी पडली की आमच्या गावातल्या नाटक मंडळांच्या गाड्या रोज कुठल्या ना कुठल्या गावाला प्रयोगासाठी निघतात. त्या नाटकांतल्या सासवांचे झंपर, खलनायकांचे कोट आणि नाचणाऱ्या मुलींचे घागरे माझ्या मशीनवरून जातात. माझा डावा पाय मी दीड वर्षाची असताना पोलिओत गेला. लहानपणी एक कॅलिपर मिळाला होता, म्हणजे पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या. तो दोन वर्षांत आखूड झाला आणि मग दुसरा कधी आलाच नाही. तेव्हापासून डाव्या हातानं डावा गुडघा दाबायचा, वाकायचं आणि पाऊल टाकायचं, असंच माझं चालणं. चाळिशी ओलांडेपर्यंत मी तशीच चालले. त्यामुळे चालताना माझा एकच हात मोकळा असायचा.

मग ही खोली सुरू झाली. मंगळवार आणि शुक्रवार. आत दोन समांतर दांड्या, भिंतीला उभा आरसा, चार पायऱ्यांचा लाकडी जिना आणि साताऱ्याकडून आलेल्या, आमच्यापेक्षा निम्म्या वयाच्या या फिजिओबाई. त्यांनी माझं माप घेऊन कॅलिपर मागवला आणि सात महिने माझ्याकडून व्यायाम करून घेतला. एके दिवशी मी घरी दोन्ही हातांत चहाचे दोन पेले घेऊन स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आले. आई खाटेवर बसली होती. ती माझ्याकडे पाहतच राहिली, मग पेला घेतला, घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

तर ही खोली आता जाणार होती.

त्या मंगळवारी कागद सगळ्यांनी वाचला. स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे चाचा होते. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून खाली ट्रकच्या चाकाखाली गेला होता आणि ते नकली पाय वापरायचे. माझ्या कॅलिपरचा स्क्रू ऐन हंगामात तुटला तेव्हा त्यांनी सायकलचा बोल्ट घासून बसवून दिला होता. तेव्हापासून खोलीच्या कोपऱ्यात त्यांची पान्यांची पेटी कायमची येऊन बसली होती. निवृत्त मास्तर होते. पक्षाघातानंतर ते पुन्हा बोलायला शिकत होते आणि एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखे बोलत. आणि कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून येणारा एक गोंड बाप होता, त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. तिचे पाय जन्मापासून ताठ. ती जिना चढताना गोंडीत मोजायची, उंदी, रंड, मूंद, नालुंग, आणि फिजिओबाईही आता तिच्यासोबत गोंडीतच मोजायच्या.

मग चाचा म्हणाले, "कागद वरून आला ना? मंग वरच जाऊ."

"वर म्हंजे कुठी?" त्या बापानं विचारलं.

"जिथी बजेट बनते तिथी. आमदारापाशी."

फिजिओबाई दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "मी कंत्राटी आहे. मी येऊ शकत नाही, आणि माझं नावही कुठे घेऊ नका. पण काय विचारतील आणि काय सांगायचं, ते मी तुम्हाला शिकवून ठेवते."

आणि त्यांनी खरंच शिकवलं. पुढचे दोन आठवडे व्यायाम करता करता आमची तोंडी परीक्षा चालायची. मी दांड्या धरून चालत असे आणि त्या विचारत, "जिल्ह्याला सोय आहे, मग इथे कशाला?" मी चुकीचं उत्तर दिलं की म्हणत, "पुन्हा. आणि गुडघा सरळ ठेवा."

मास्तरांनी डाव्या हातानं निवेदन लिहिलं. उजवा हात अजून आखडलेलाच होता, तरी अक्षर इतकं सुरेख की टाइप करून घ्यायला मन होईना. ते घेऊन आम्ही आमदारांच्या कार्यालयात गेलो. टेबलावर निवेदनांचा ढीग होता. आमचं पान त्यावर पडणार आणि बुडणार, हे मला दिसतच होतं. पण आमदारांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

"अधिवेशन सुरू होऊन राह्यलं नागपूरले," ते म्हणाले. "हा विषय सभागृहात आला पायजे. पन मी एकटा बोललो त कोन ऐकते? तुमी या. आरोग्याचं काम पाहनारे दोन-तीन सदस्य मी तुमच्यासमोर बसवतो. पाच पास देतो."

आम्ही बाहेर आलो आणि मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटत नाही. मी शाळकरी पोरीसारखी हुरळले होते. आयुष्यभर मी सरकारी खिडकीसमोर रांगेत उभी राहिले होते. आज कोणीतरी म्हणालं होतं, तुम्ही या, बोला.

पण जायचं कसं? येणारे चौदा जण होते, त्यात दोन व्हीलचेअर, तीन कुबड्या. एसटीत ते जमण्यासारखं नव्हतं. मी ज्यांच्या नाटकांचे कपडे शिवते, त्या मंडळाच्या मालकांकडे गेले. त्यांच्या हातात नवा अंगरखा ठेवला आणि तिथंच विचारलं, "भाऊ, एक दिवस गाडी द्याल का?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "न्या बाई. दिवसा ते उभीच राह्यते. पन सहाले मले गाडी दारात पायजे. सावली गावाकडं प्रयोग आहे, पडदे, पेटारे, सारं तिच्यातच जाते."

"सहाला आणून उभी करते," मी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा आम्ही नागभीडच्या पुढे होतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना नायिकेचा रडणारा चेहरा आणि त्याखाली मंडळाचं नाव मोठ्या लाल अक्षरांत रंगवलेलं. आत पेटाऱ्यांच्या जागी व्हीलचेअर दोरीनं बांधलेल्या. भिवापूरला चहासाठी थांबलो तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "आज कुठी आहे प्रयोग?"

"नागपूरले," चाचांनी सांगितलं. "दुपारचा."

सगळे हसत होते. गोंड बापाची लेक खिडकीला नाक लावून बसली होती. ती पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती आणि दिसणारं प्रत्येक मोठं घर हेच नागपूर का, असं विचारत होती.

खरं नागपूर आलं तेव्हा पोलिसांनी गाडी अडवली. हवालदारानं नायिकेकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "इथी मोर्चाले परवानगी लागते. नाटकाले त लागतेच."

"साहेब, आमी नाटक कराले नाई आलो," चाचा म्हणाले. "आमची भेट ठरली आहे." आणि त्यांनी आमदारांचं पत्र काढलं. ते त्यांनी पाऊस लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं. थंडीच्या दिवसांत कसला पाऊस, पण हवालदारालाही ते पाहून हसू आलं. त्यानं गाडी कडेला लावून दिली आणि व्हीलचेअर उतरवताना स्वतः हात दिला.

पास पाच. मी, चाचा, मास्तर, तो बाप आणि त्याची लेक. बाकीचे गाडीजवळ थांबले.

आत आम्हाला एका लांब खोलीत बसवलं. भेट बाराला होती. बारा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. आमदारांचे स्वीय सहायक मधूनमधून येऊन सांगत, "कामकाज लांबलं." माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. दोनला निघालो तरच सहाला वडसा.

मग ते सहायक बापाजवळ वाकले. तरुण, भला माणूस होता. म्हणाला, "सदस्य आले की पोरगी दोन पावलं चालून दाखवेल का? मनावर परिणाम होते."

बापानं मान हलवली. "नाई. ते दवाखान्यात चालते, शिकाले. इथी लोकाईले दाखवाले नाई चालत."

सहायक दाराकडे गेला. गाडीत येताना माझ्याही मनात तेच आलं होतं. तिला चालताना पाहिलं की ते विरघळतील, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तिला विचारावं, हे मला सुचलं नव्हतं.

दीडला दार उघडलं. आमचे आमदार आले, त्यांच्यामागे दोन सदस्य. एक पन्नाशीचे गृहस्थ आणि एक वयस्कर बाई, पांढऱ्या केसांच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या. दोघंही दुसऱ्या भागातले. जेवणाच्या सुट्टीतून वेळ काढून आले होते आणि ते त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. खुर्चीच्या कडेवर.

मास्तरांनी निवेदन वाचायला घेतलं. पहिल्या ओळीला त्यांना फार वेळ लागला. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मास्तर थांबले आणि म्हणाले, "मी... हळू... बोलतो. पण... दोन वर्षांपूर्वी... बोलतच... नव्हतो." गृहस्थांनी मनगट टेबलाखाली घेतलं.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तुमची अडचण समजली. पण जिल्ह्याला ही सोय आहेच ना? मग तालुक्याला वेगळा खर्च कशासाठी?"

प्रश्न फिजिओबाईंनी सांगितला होता तसाच आला. माझं उत्तर तोंडपाठ होतं, आणि त्या क्षणी एक शब्द आठवेना. मला फक्त गुडघ्याजवळ पट्टा घट्ट झालेला जाणवत होता. मी खाली वाकले, पट्टे सोडले, बुटासकट कॅलिपर काढला आणि टेबलावर, कागदांवर ठेवला.

"उचलून पाहा," मी म्हटलं.

गृहस्थांनी हात पुढे केला नाही. बाईंनी केला. दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"हे घालून मी दिवसभर काम करते," मी म्हटलं. "याचा एक स्क्रू तुटला की मी घरात बसते. आमच्या खोलीत हे चाचा तो अर्ध्या तासात बसवतात. माप बदललं की मॅडम पट्टा सरकवून देतात. यासाठी मी दर वेळी जिल्ह्याला जायचं तर कशानं जायचं? पाय तर दुरुस्तीला दिलेला असतो."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्या माझ्याकडेच पाहत राहिल्या. मग त्यांनी बापाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

तो उठून उभा राहिला. "जोहार बाई. आमाले आमच्या गावाहून दवाखान्यात याले दोन गाड्या बदलाव्या लागते. जिल्ह्याले गेलं त चार. पोरीले मी खांद्यावर घेतो. आता ते वजनाले भारी होऊन राह्यली. आनखी दोन वर्सांनी मले तिले उचलता नाई येनार. तवापर्यंत तिले सोता चालता आलं पायजे. म्हनून हे खोली दोन वर्सं तरी राहू द्या."

तेवढ्यात खट् असा आवाज आला. लेकीनं टेबलावर हात लांबवून कॅलिपरचं गुडघ्याजवळचं कुलूप उघडलं होतं. तिनं ते पुन्हा लावलं. खट्.

बाईंनी तिला विचारलं, "तुला त्या खोलीतलं काय आवडतं?"

तिनं विचार केला. "जिना."

"जिना का?"

"वरून खिडकीतून रस्ता दिसते."

आता मला सगळं आठवलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही नवीन काही मागत नाही. आहे ते काढू नका. आणि दर वर्षी कंत्राट संपलं की आम्ही पुन्हा येऊन हेच मागायचं, असं ठेवू नका. ते पद कायमचं करा."

गृहस्थांनी पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली. "पैसा कोणत्या योजनेतून येत होता, काही माहिती आहे?"

चाचांनी ट्यूबची दुसरी गुंडाळी काढली. त्यात त्यांनी महिनाभर कचेऱ्यांतून फिरून जमवलेल्या कागदांच्या प्रती होत्या. कुठली योजना, कुठला आदेश, कधी थांबली, सगळं क्रमानं लावलेलं. सायकलचे सुटे भाग लावावेत तसं. गृहस्थ वाचत गेले आणि शेवटी आमच्या आमदारांना म्हणाले, "हे पुरेसं आहे. आजच मांडा."

"औचित्याचा मुद्दा म्हणून आजच मांडतो," आमदार म्हणाले.

बाईंनी कॅलिपर माझ्या हातात दिला. मी बांधत असताना त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीला होता असाच. तिला चामड्याचा पट्टा फार काचायचा. तुम्हालाही काचतो का?"

"उन्हाळ्यात," मी म्हटलं.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. ड्रायव्हरनं लगेच गाडी काढली. मागे राहिलेल्यांना आम्ही सगळे एकाच वेळी सांगत होतो, त्यामुळे कोणालाच काही कळत नव्हतं. चाचांनी फोनवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं आणि फोन नाटकाच्या माइकसमोर धरला. गाडीतल्या कर्ण्यातून सभागृह बोलायला लागलं. रस्ते, धान, पाणी, कुठल्याशा पुलाचा विषय. आमचं काही येईना. उमरेड गेलं. आणि जंगल सुरू होता होता आमच्या आमदारांचा आवाज आला, "अध्यक्ष महोदय, मी एका महत्त्वाच्या..." आणि फोन बंद पडला. रेंज गेली.

"मागे घे," चाचा ड्रायव्हरला म्हणाले.

"चाचा, सहा वाजता..."

"मागे घे, बेटा."

त्यानं गाडी मागे घेतली. धानाच्या कापलेल्या बांधीजवळ, म्हणजे शेताच्या तुकड्याजवळ, रेंज आली आणि गाडी तिथंच थांबली. आमदार सभागृहात पुस्तकी मराठीत बोलत होते, पण मध्येच त्यांची भाषा घसरली. "त्या बाईनं कॅलिपर टेबलावर ठेवला न म्हनलं, उचलून पाहा. मी सभागृहाला विनंती करतो..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण गाडीतले सगळे मला गदागदा हलवत होते. मास्तर हातानं शांत राहा, शांत राहा म्हणून खुणावत होते. शांत झालो तेव्हा त्या वयस्कर बाईंचा आवाज आला. "अध्यक्ष महोदय, मी या मुद्द्याला पाठिंबा देते. मी तो उचलून पाहिला आहे." मग एका मंत्र्यांनी उत्तर दिलं की आढावा घेऊ आणि हे केंद्र बंद होणार नाही याची काळजी घेऊ.

आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बसलो होतो आणि कोणालाच निघायची आठवण नव्हती. बांधीत काही शेतकरी मळणी करत होते. कर्ण्याचा आवाज ऐकून ते जवळ आले आणि विचारू लागले, नाटक कुठलं. बापानं लेकीला खिडकीशी उचलून घेतलं आणि त्यांना सांगितलं, "आमची खोली वाचली." त्यांना काही समजलं नसावं, पण तेही हसले.

वडशाला पोचेपर्यंत पावणेसात झाले. मंडळाचे मालक रस्त्यावर उभे. पडदे आणि पेटारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पुढे रवाना झाले होते, नट मंडळी दिव्याच्या खांबाजवळ ताटकळत होती. मी उतरले आणि हात जोडले. "भाऊ, चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. ते खरंच रागावले होते. मग नटांना गाडीत चढा म्हणून सांगितल्यावर परत माझ्याकडे वळले. "झालं का मंग काम?"

"झालं."

"मंग उद्या येऊन सांगा सविस्तर. आता मले बोलाले वेळ नाई."

दुसऱ्या दिवशी मी सांगायला गेले. त्यांनी ते सगळ्या नटांना बोलावून ऐकलं.

मार्चमध्ये लेखी आदेश आला. केंद्र चालू राहील, फिजिओबाईंचं कंत्राट एका वर्षासाठी वाढलं. कायमच्या पदाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. फिजिओबाईंनी तो कागद आरशाच्या कडेला चिकटवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अर्धं झालं."

अर्धं झालं हे खरं. म्हणून यंदा पाऊस संपताच मास्तरांनी पुन्हा लिहायला घेतलं आहे. या वेळी निवेदनात एकच मागणी आहे, पद कायमचं करा. त्यांचा उजवा हात आता थोडा चालतो, पण सवयीनं ते डाव्यानंच लिहितात. गेल्या शुक्रवारी लेकीचा बाप दारात चप्पल काढता काढता म्हणाला, "ताई, यंदा गाडी मोठी सांगा. आमच्या गावचे आनखी दोघं येतो म्हनते."